पुरेसं म्हणजे किती?

जानेवारीत कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं आणि मामांचा फोन आला. "तीस हजार बाजूला काढल्यात. पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. तूच बघ, तुला त्यातलं कळतं."

मामेबहीण बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. गेले सहा महिने ती सी प्रोग्रॅमिंग मोबाईलवर करतेय. एका ॲपमध्ये कोड टाइप करायचा. महिरपी कंस हवा असेल तर कीबोर्डाचं तिसरं पान उघडायचं, अक्षरांसाठी परत पहिल्या पानावर यायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये दोघींत एक मशीन, तेही आठवड्यातून दोनदा. तिने याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला हे कळलं ते तिने कोडचा स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा. अर्धी स्क्रीन कीबोर्डानेच व्यापली होती आणि वरच्या अर्ध्या भागात एका वेळी कोडच्या आठ ओळी दिसत होत्या.

फोन ठेवता ठेवता मामांनी विचारलं, "तीस हजाराचा तीन वर्षं पुरंल ना?"

मी पाच-सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. तरी या प्रश्नाचं पटकन उत्तर देता येईना. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. याच प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी एकदा दिलं होतं आणि ते खोटं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो. त्या रात्री लॅपटॉपच्या किमती बघायला बसलो आणि बघता बघता स्वस्त कॉम्प्युटरच्या इतिहासात शिरलो. पाहिलं तर तिथे मामांचाच प्रश्न पंचेचाळीस वर्षं फिरतोय. फक्त तो विचारणारे बहुतेक वेळा विकत घेणारे नव्हते.

सुरुवात ॲडम ऑस्बोर्न या माणसापासून करतो. जन्म बँकॉकचा, आईवडील युरोपीय, बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला, कारण वडील रमण महर्षींचे अनुयायी होते. पुढे तो अमेरिकेत गेला, कॉम्प्युटरवर पुस्तकं लिहिली, छापली, स्तंभ लिहिले आणि एप्रिल १९८१ मध्ये त्याने स्वतःचाच कॉम्प्युटर बाजारात आणला. ऑस्बोर्न वन. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन ५ इंच, मेमरी ६४ केबी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. कीबोर्ड म्हणजेच झाकण. ते लावलं की शिवणयंत्राच्या पेटीसारखी एक पेटी तयार व्हायची आणि ती विमानात सीटखाली मावायची. किंमत १,७९५ डॉलर. त्या वेळच्या दराने पंधरा-सोळा हजार रुपये होतात. आज हा आकडा छोटा वाटतो, पण तेव्हा इतक्या पैशांत नुसतं मशीन मिळणंही अवघड होतं. ऑस्बोर्नने त्यावर वर्डस्टार, सुपरकॅल्क अशी सॉफ्टवेअर फुकट दिली. सुटी घेतली असती तर त्यांचीच किंमत जवळपास मशीनइतकी झाली असती.

ऑस्बोर्नचं म्हणणं होतं की वस्तू पुरेशी असली की झालं, त्यापलीकडचं सगळं जादा. सर्वांत चांगली स्क्रीन नको, वाचता येईल अशी हवी. सर्वांत मोठी फ्लॉपी नको, पत्र मावेल अशी हवी. त्या ५ इंची स्क्रीनवर एका ओळीत ५२ अक्षरं दिसायची, बाकीची बघायला मजकूर आडवा सरकवावा लागायचा. लोकांनी ते चालवून घेतलं. भराच्या काळात महिन्याला दहा हजार मशीन खपली.

मग त्याने पुढच्या, जास्त चांगल्या मशीनची घोषणा जरा लवकर केली. नवं येतंय म्हटल्यावर जुनं कोण घेणार? त्यात स्पर्धकही आले होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. घोषणेने स्वतःचीच विक्री मारण्याला आजही 'ऑस्बोर्न इफेक्ट' म्हणतात. कंपनी नेमकी त्यामुळेच बुडाली का यावर वाद आहे. ऑस्बोर्न शेवटी भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकॅनालला वारला.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की 'पुरेसं'ची व्याख्या ऑस्बोर्नने केली आणि गिऱ्हाइकाने ती पैसे मोजून मान्य केली. न पटल्यास दुसरं दुकान होतं. पुढे हे चित्र बदललं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं स्वस्त कॉम्प्युटर म्हणजे असेंबल्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' अशी पाटी लावलेला एक पोरगा. तो कागदावर यादी करायचा: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येकापुढे किंमत. बेरीज बजेटबाहेर गेली की वर जाऊन एकेक ओळ खोडायची. रॅम सध्या २५६ एमबी घालू, दिवाळीला अजून एक तुकडा टाकू. डीव्हीडी ड्राइव्ह नंतर. स्पीकर नको.

आमच्या घरी २००७ च्या सुमारास असाच एक आला. मला आठवतंय, वडिलांना त्या यादीतलं निम्मंही कळत नव्हतं, पण किराणा दुकानात करावी तशी घासाघीस त्यांनी प्रत्येक ओळीवर केली. त्या व्यवहारात एक गोष्ट होती जी आता राहिली नाही. आज कमी पडलं तर उद्या भर घालता यायची. 'पुरेसं'चा निर्णय एकदाच करायचा नव्हता. उधारीसारखा तो पुढे ढकलता यायचा. लॅपटॉप आले तेव्हा कॉम्प्युटर पिशवीत मावू लागला खरा, पण ती यादी गेली.

त्याच काळात बंगळूरला वेगळाच विचार चालू होता. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर आणि त्यांचे सहकारी २००१ च्या आसपास सिंप्युटर घेऊन आले. नावातच साधा, स्वस्त, बहुभाषी, लोकांचा असा सगळा संकल्प होता. हातात मावणारं यंत्र, पेनने वापरायचं, भारतीय भाषांत बोलून दाखवणारं, अपेक्षित किंमत ९,००० रुपयांच्या आसपास. गरीब घराला इतकेही झेपणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्मार्ट कार्डाची सोय केली. यंत्र गावाचं, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घातलं की आपली माहिती. कल्पना हुशार होती. बाजारात यायला २००४ उजाडलं, तोवर मोबाईल फोन झपाट्याने स्वस्त होत होते आणि फोन कुणाशी वाटून घ्यावा लागत नव्हता. सिंप्युटर काही हजारांच्या पुढे फारसा गेला नाही.

यानंतर जे झालं ते मात्र जगभर गाजलं. जानेवारी २००५ मध्ये दावोसला एमआयटी मीडिया लॅबच्या निकोलस नेग्रोपाँटेने जाहीर केलं की आपण १०० डॉलरचा लॅपटॉप बनवणार, जगातल्या गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत नमुना दाखवला गेला. हिरवा लॅपटॉप, बाजूला वीज तयार करण्यासाठी पिवळा हँडल. कार्यक्रमातच तो हँडल तुटून हातात आला. पुढे विकलेल्या लॅपटॉपला हँडल नव्हताच.

पण त्या थट्टेत लॅपटॉप किती विचारपूर्वक बनवला होता हे विसरलं जातं. मी इंजिनिअर म्हणून सांगतो, एक्सओ नावाचं ते यंत्र बघण्यासारखं होतं. मेरी लू जेप्सनने त्याची ७.५ इंची स्क्रीन अशी बनवली की भर उन्हात मागचा दिवा बंद करून कृष्णधवल अक्षरं स्वच्छ वाचता यावीत. (आज माझ्या महागड्या लॅपटॉपवर गॅलरीत बसून काही दिसत नाही.) कीबोर्ड रबरी, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये. दोन अँटेना कानांसारखे वर येत आणि जवळपासचे लॅपटॉप इंटरनेट नसतानाही एकमेकांशी जोडले जात. देवनागरी कीबोर्डाची मांडणीही केलेली होती. वीज अगदी थोडी लागायची. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी.

किंमत मात्र १०० डॉलरवर काही आली नाही. २००७ मध्ये उत्पादन सुरू होताना ती १८८ डॉलर सांगितली गेली. शिवाय तो दुकानात मिळणार नव्हता. सरकारांनी लाखांच्या संख्येने घ्यायचा आणि मुलांना वाटायचा, अशी योजना होती. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच नकार कळवला. शैक्षणिकदृष्ट्या हा प्रकार संशयास्पद आहे, आधी शाळा आणि शिक्षक हवेत, असा सूर होता.

तरीही एक्सओ भारतात आला, तोही महाराष्ट्रात. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या धनगरवाड्याच्या शाळेत भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. मी या शाळेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो, कारण त्या वर्षी मीही जिल्हा परिषदेच्याच शाळेत होतो. चौथीत. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर असायचं आणि त्यावर मुख्याध्यापकांचं टेबलक्लॉथ. सव्वीस जानेवारीला दोन्ही निघायचं. दुसरीकडे खैराटच्या मुलांकडे स्वतःचा लॅपटॉप होता, घरी नेता येण्यासारखा. हेवा वाटावा अशीच गोष्ट आहे.

एक्सओने मुलं जास्त शिकली का, याचं मोठं उत्तर पेरूतून आलं. पेरू सरकारने आठ लाखांवर एक्सओ घेतले होते. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांमध्ये फरक सापडला नाही. काही बौद्धिक कौशल्यांत थोडा फायदा दिसला. टीकाकारांना एवढं पुरलं. छोट्या उरुग्वेने मात्र २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत लॅपटॉप पोचवला आणि सोबत इंटरनेट, दुरुस्ती, शिक्षकांचं प्रशिक्षण हेही उभं केलं. तिथली योजना टिकली.

माझं मत असं की एक्सओ वाईट नव्हता. पण त्याबाबतचा प्रत्येक निर्णय मुलाच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. उन्हात वाचता यावं हा निर्णय फार चांगला होता, १ जीबी साठवण पुरेल हा तितका नव्हता. पण दोन्ही बाबतींत मुलाच्या बापाला यादी घेऊन एखादी ओळ खोडायची संधी नव्हती.

एक्सओ नाकारणाऱ्या आपल्या सरकारनेही मग स्वतःचा स्वस्त कॉम्प्युटर बनवायचं मनावर घेतलं. आधी आकडा सांगितला गेला १० डॉलर. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला मोठ्या कार्यक्रमात ती वस्तू दाखवली गेली तेव्हा कळलं की तो लॅपटॉप नाहीच, माहिती साठवण्याची पेटी आहे. मग ३५ डॉलर हा आकडा आला आणि ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिबल यांनी दिल्लीत आकाश टॅब्लेट सादर केला. ७ इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झ प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. टचस्क्रीन जुन्या पद्धतीची, नुसतं बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. बॅटरी दोन-तीन तासांत संपे. चाचण्यांचे निकष काय असावेत यावरून आयआयटी राजस्थान आणि बनवणारी डेटाविंड कंपनी यांच्यात जुंपली आणि २०१२ मध्ये प्रकल्प पवईला आयआयटी मुंबईकडे आला.

पवईत त्यावर बरंच चांगलं काम झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. आकाश-२ चा प्रोसेसर जवळपास तिप्पट वेगाचा होता, टचस्क्रीन नीट होती आणि तिथल्या गटाने त्यावर सी, पायथन आणि सायलॅबमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची सोय केली. सात इंची काचेवर बोटांनी सी प्रोग्रॅमिंग! हे वाचताना मला बहिणीचा स्क्रीनशॉट आठवला. चौदा वर्षांत काच छोटी झाली आहे आणि महिरपी कंस अजून तिसऱ्या पानावर आहे.

एक्सओचा खरा परिणाम बाजारात दिसला, आणि तोही त्याच्या कर्त्यांनी न योजलेला. छोटा, कमी ताकदीचा लॅपटॉप लोक घेतील हे कंपन्यांना त्यातून कळलं. तैवानच्या आसूसने ऑक्टोबर २००७ मध्ये ई पीसी आणला. ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, लिनक्स. घोषणा १९९ डॉलरची झाली होती, अमेरिकेत मुख्य मॉडेल ३९९ ला विकलं गेलं, तरी ते खपलं. वर्षभरात जवळपास प्रत्येक कंपनीचा नेटबुक आला आणि इंटेलने त्यासाठी ॲटम प्रोसेसर काढला.

इथून गोष्ट मला जास्त रंजक वाटते. नेटबुकमुळे मायक्रोसॉफ्ट अडचणीत सापडली. तिची नवी विंडोज व्हिस्टा इतकी जड होती की या यंत्रांवर चालेना, म्हणून लोक लिनक्स घेऊ लागले. कंपनीने निवृत्तीला आलेली एक्सपी परत कामावर घेतली, अगदी स्वस्तात, पण अटी घालून. या दरात एक्सपी हवी असेल तर स्क्रीन १०.२ इंचांपेक्षा मोठी नको, रॅम १ जीबीपेक्षा जास्त नको. म्हणजे एखाद्या कंपनीला त्याच पैशांत २ जीबी रॅम देणं परवडत असेल तरी तिने देऊ नये. स्वस्त लॅपटॉप फार चांगला झाला तर महाग लॅपटॉप कोण घेईल, ही भीती. इथवर पैसे कमी म्हणून वस्तूत काटछाट होत होती. आता पैसे असूनही वरून छत घातलं गेलं.

पुढे २००९ मध्ये विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती आली. सुरुवातीला तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येतील असा बेत होता. ओरड झाल्यावर तो रद्द झाला. पण एक गोष्ट राहिली: स्टार्टरमध्ये डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलता येत नसे. माझ्या एका चुलतभावाकडे असा नेटबुक होता आणि आम्हाला वाटायचं की आपल्यालाच जमत नाहीये. वॉलपेपर बदलायला ना रॅम लागते ना प्रोसेसर. तुम्ही स्वस्तातलं घेतलंय, ही आठवण रोज सकाळी राहावी, यापलीकडे मला त्याचं कारण दिसत नाही.

याला आपल्या राजकारण्यांनी दिलेलं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप दिले, २०१३ मध्ये उत्तर प्रदेशने दिले. उत्तर प्रदेशातल्या लॅपटॉपवर वॉलपेपर होता तो मुलायमसिंह आणि अखिलेश यादव या पितापुत्रांचा. तो काढायला गेलं की मशीन बिघडतं, अशा बातम्या तेव्हा होत्या.

नेटबुक फार जगले नाहीत. २०१० मध्ये आयपॅड आला, फोन मोठे झाले आणि २०१२ सरता सरता मोठ्या कंपन्यांनी नेटबुक बनवणं थांबवलं.

आता माझ्या खोट्या उत्तराकडे येतो.

२०१६ मध्ये भारतात ९,९९९ रुपयांचे लॅपटॉप आले. ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, विंडोज १०. मी त्याच वर्षी इंजिनिअरिंगला लागलो. फी, होस्टेल, मेस यातून वडिलांकडे उरलेला आकडा दहा हजारांचाच होता, त्यामुळे निवड अशी नव्हतीच. कंपनीचं नाव सांगत नाही. तिने खोक्यावर लिहिलेलं सगळं खोक्यात होतं. फसवणूक झाली नाही.

पण ३२ जीबीतला मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच घेते. उरलेल्यात एक अपडेट यायची, तिला उतरायला आणि उलगडायला काही जीबी जागा लागायची, ती नसायची, मग ती अर्ध्यात थांबायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हायची. मी फोटो काढून टाकले, गाणी काढून टाकली, नंतर सॉफ्टवेअर काढू लागलो. साठवणीची चिप बोर्डावरच पक्की केलेली असल्याने हार्ड डिस्क बदलायचा प्रश्नच नव्हता. रॅमचंही तेच. दुसऱ्या वर्षी जावाचा एडिटर उघडायला चार मिनिटं लागायची. मी तेवढ्यात चहा घेऊन यायचो, मित्र हसायचे, मीही हसायचो. तिसऱ्या वर्षापासून मी रात्री बारानंतर रूममेट झोपला की त्याचा लॅपटॉप वापरायचो. तो चांगला मुलगा होता, पासवर्ड त्याने आपणहून दिला होता.

वडील दर रविवारी फोन करायचे. "लॅपटॉप चालतोय ना नीट? पुरतोय ना?" मी म्हणायचो, "मस्त चालतोय." चार वर्षं म्हणालो. त्यांनी तो घेताना एका सहकाऱ्याकडून तीन हजार उसने घेतले होते, ते मला माहीत होतं. नोकरी लागल्यावर मी पहिल्या पगारातून नवा घेतला तेव्हा ते म्हणाले, "अरे, तो आहे की चांगला." त्यांच्या लेखी तो अजून चांगलाच आहे. गावाकडे कपाटात खोक्यासकट ठेवलाय.

म्हणून मामांना "पुरेल" म्हणताना जीभ अडत होती.

तीस हजार हा आकडा २०१६ च्या दहापेक्षा बरा आहे, पण यंदा रॅमच्या किमती चढल्यात. नव्या लॅपटॉपांत तीसच्या आत बघितलं तर ८ जीबी रॅम मिळते, पण बऱ्याच मॉडेलांत ती बोर्डावर पक्की, वाढवायला खाच नाही. चकचकीत, पातळ, हलके. जाहिरातीतली मुलगी कॉफीशॉपमध्ये बसलेली. मला मात्र २०१६ चं खोकं दिसत राहिलं. आज ८ पुरतील. तिसऱ्या वर्षी तिला अँड्रॉइड स्टुडिओ लावावा लागेल, तेव्हा?

दुसरा रस्ता म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप. यात एक मेख आहे ती सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. 'आय सेव्हन' म्हणून पंधरा हजारांना दाखवतात तो बऱ्याचदा सहाव्या पिढीचा असतो. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुना आय सेव्हन सोडून थोडा नवा आय फाइव्ह घ्यावा. लिनक्स टाकणार असाल तर हा प्रश्न उरत नाही, पण बहिणीचं कॉलेज विंडोजवरच अडलंय.

मी पुण्यात दोन शनिवार हिंडलो आणि २०१८ सालचा, आठव्या पिढीचा, जाडजूड काळा लॅपटॉप एकवीस हजारांना घेतला. ८ जीबी रॅम आणि शेजारी एक मोकळी खाच. साठवण २५६ जीबी, तीही बदलता येणारी. कीबोर्ड उत्तम. बॅटरी दमलेली होती, तिचे वेगळे तीन हजार गेले. झाकणावर कोपऱ्यात कुणाच्या तरी ऑफिसचं स्टिकर खरवडून काढल्याचा डाग आहे.

गावी घेऊन गेलो तर मामांनी आधी साधा तपकिरी पुठ्ठा बघितला, मग आतलं यंत्र. "जुना?" मी रॅम, खाच, पिढी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस काढलं होतं की मी." त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो का उतरला ते मला कळत होतं. पोरीला नवा घेतला असं त्यांना सांगायचं होतं, भावकीत आणि स्वतःलाही. माझ्या वडिलांनी मला नवाच घेतला होता. मामींनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, कापूर जरा लांबूनच ओवाळायला मी सांगितलं, आणि मामा ट्रॅक्टरकडे निघून गेले.

उरलेले सहा हजार मी परत दिले आणि बहिणीला म्हणालो, हे तिसऱ्या वर्षासाठी ठेव. ती म्हणाली, "दादा, ती खाच आत्ताच भरता येईल का?"

माझ्या पुण्याच्या कपाटात त्याच जातीचा ८ जीबीचा एक जुना तुकडा पडून होता. परत गेल्यावर कुरियरने पाठवला. रविवारी व्हिडिओ कॉल लावला. फोन तिने तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मागचे स्क्रू काढून क्रमाने ताटलीत ठेवले, आधी बॅटरीची वायर सोडवली, मग तुकडा तिरका धरून खाचेत बसवला आणि खाली दाबला. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा टक् आवाज झाला, तो मला पुण्यात ऐकू आला.

मागे मामांचा आवाज आला, "काय गं, उघडलास? मोडशील." ती म्हणाली, "मोडत नाही, पप्पा. तुम्ही बॅटरी धरा जरा."